तडीपारीचं वर्ष

येरमाळ्याला हायवेवर दादाचं पंक्चरचं दुकान होतं. मी कळंबला शाळेत शिकवायचे आणि शनिवारी घरी यायचे. अशाच एका शनिवारी आले, तर दादा दुकानाबाहेर जुन्या टायरवर बसलेला आणि आई त्याच्या शेजारी नुसती उभी. पोलिसांनी नोटीस दिली होती. एक वर्षासाठी जिल्ह्यातून तडीपार का करू नये, त्याचा खुलासा करा.

दादा तापट होता, हे खोटं नाही. शाळेजवळ चोरून दारू विकणाऱ्याशी त्याची दोनदा भांडणं झाली होती. एकदा त्यानं त्याच्या थोबाडीतही मारली होती. त्या केसेस चालूच होत्या. पण नोटिशीत म्हटलं होतं, की गावात याची दहशत आहे, भीतीनं कुणी पुढं येत नाही, दोघांनी गुप्त जबाब दिलेत. जबाबात काय होतं, ते कुठंच नव्हतं.

"मला कोण भ्यायलंय, ते तरी सांगा की," दादा म्हणाला.

चौकशीला मी त्याच्यासोबत पोलीस अधिकाऱ्यांपुढं गेले. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, "साहेब, नावं नका सांगू. पण यानं काय केलं, कुठं, साधारण कधी, एवढं तरी सांगा. नाहीतर हा उत्तर कशाचं देणार?"

"तेवढ्यावरनं साक्षीदार ओळखू येतील," साहेब म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. खऱ्या गुंडाविरुद्ध उघड कोण बोलेल, हे मलाही कळत होतं.

आदेश निघाला. पोलिसांनी गाडीतून दादाला शेजारच्या जिल्ह्यात बार्शीला, मावशीकडं नेऊन सोडलं. पाडव्याला आई पुरणपोळ्या घेऊन एसटीनं गेली. परत आल्यावर म्हणाली, "म्या वाढलं, तर मान खाली घालून जेवला. चोरावानी."

काही महिन्यांनी अपिलात आदेश रद्द झाला. आरोप काय आहेत, हे मोघमच सांगून माणसाकडून खुलासा मागता येत नाही, असं निकालात होतं. मी आईला ते वाचून दाखवलं.

"मंग हे आधी कुणालाच कळलं न्हाय व्हय?" ती म्हणाली.

दादा परत आला, दुकान उघडलं. गिऱ्हाइकं यायची. पण चाक खोलता खोलता तो समोरच्याच्या तोंडाकडं बघत राहायचा.

"ह्यानं सांगितलं असंल का?" एकदा त्यानं मला विचारलं. "दोघंच हायेत, पर मला समदं गावच तसं दिसायलंय."

"सोडून दे रे."

"कोण ते कळलं असतं, तर सोडून दिलं असतं गं."

दिवाळीनंतर त्यानं दुकान बार्शीला हलवलं. या वेळी कुणी घालवलं नव्हतं. आता गावच्या येडेश्वरीच्या यात्रेला तेवढा येतो, आईजवळ एक मुक्काम करतो. मागच्या यात्रेत गावातले एक म्हातारे त्याला म्हणाले, "लेका, ये की माघारी." दादा त्यांच्या पाया पडला. उठताना मात्र त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला.