बाल्टीचं मानपत्र

मी मानपत्रं लिहितो. शाळेत मराठी शिकवणं हा पोटाचा उद्योग, हा दुसरा गळ्यात पडलेला. राजारामपुरीपासून खाली गडहिंग्लजपर्यंत कुणाचा सत्कार ठरला की फेटेवाल्याच्या आधी मला फोन येतो. "सर, एक पानभर. जरा जोरात होऊ द्या." पंचवीस वर्षं मी जोरात होऊ देत आलोय. एका निवृत्त तलाठ्याला मी 'महसुलाच्या अंधारातला दीपस्तंभ' म्हटलंय. फ्रेम मिळते तो खूश, वाचणारा खूश, आणि समोरची माणसं जेवण कधी सुरू होतंय याकडे डोळे लावून बसलेली. त्यामुळं आपण खोटं लिहितोय असं मला कधी वाटलं नाही. एक मानपत्र सोडून.

ज्यांचं ते मानपत्र, ते गृहस्थ या आषाढात गेले. ते असताना हे लिहायला हवं होतं, हे मला कुणी सांगायला नको.

अडीच वर्षांपूर्वी गडहिंग्लजकडच्या एका शाळेनं आपल्या जुन्या विद्यार्थ्याचा सत्कार ठरवला. विद्यार्थ्यानं पंच्याहत्तरी ओलांडलेली. एकाहत्तरच्या लढाईत लढाऊ विमान चालवलेला माणूस. निवृत्तीनंतर राजारामपुरीतच, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून तिसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. बायको गेलेली, मुलगा परदेशात. मी त्यांना काका म्हणायचो, ते मला सर.

शाळेच्या चेअरमनांचा फोन आला. "सर, पायलट हायत, पायलट! आमच्या गावातनं दुसरा कोण न्हाय. असं लिवा की पोरं बाकावरनं उठली पायजेत."

वही घेऊन मी काकांकडं गेलो आणि दर वेळी विचारतो तेच विचारलं, आयुष्यातला संस्मरणीय प्रसंग कोणता. त्यांनी दोन कप चहा केला, साखर विसरले, परत उठून आणली आणि म्हणाले, "लढाईचं सरकारी कागदात असंल. त्यापरीस नावांचं सांगू काय?"

"कसली नावं?"

"आमच्यात खऱ्या नावानं कोण हाक मारत नव्हतं. स्क्वाड्रनमध्ये गेलं की म्हयन्याभरात दुसरं नाव पडायचं. सोताचं सोता घ्यायचं न्हाय, दुसऱ्यानं ठेवायचं. आणि सर, लोकांना वाटतं पराक्रमावरनं पडतं. एक पण न्हाय. सगळी चुकीवरनं."

मग ते सांगत गेले. एकानं सरावात भलत्याच मैदानावर बॉम्ब टाकले होते, टपाल चुकीच्या पत्त्यावर, म्हणून तो पोस्टमन. दुसरा धावपट्टीकडं विमान इतकं सावकाश न्यायचा की मागचे वैतागायचे. त्याचं नाव बारात. तिसऱ्यानं आल्या आल्या स्वतःच जाहीर केलं होतं की मला टायगर म्हणत जा.

"मग म्हणायला लागले?"

"व्हय तर. बदली होऊन जाईपतोर दादीअम्मा."

आणि त्या नावांचा एक नियम होता. नाव का पडलं असं कुणीही विचारलं, अगदी नवीन आलेल्या पोरानंसुद्धा, तर नाव असलेल्यानं स्वतः उभं राहून खरं सांगायचं. तिखटमीठ लावलं की बाकीचे टेबल बडवायला लागायचे आणि पहिल्यापासून सांगायला लावायचे. "मोठेपणा कापायची कात्री होती ती," काका म्हणाले. "वर एकटा असतोस. सोताबद्दल खोटं बोलायची सवय लागली की संपलास."

"आणि तुमचं नाव काय होतं?"

"बाल्टी."

मी हसलो. तेही हसले, आणि नियमाप्रमाणं सांगायला लागले. उभे मात्र राहिले नाहीत, गुडघे दुखायचे.

लढाई सुरू झाली तेव्हा ते चोवीस वर्षांचे. दोन-दोन विमानांची जोडी जायची. त्यांच्या जोडीचा पुढचा वैमानिक मराठीच, वयानं दोन-तीन वर्षांनी मोठा. पहिल्या सकाळी विमानाकडं चालत जाताना काका मध्येच थांबले. आग विझवायला वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या असायच्या, त्यातली एक ओढून ते ओकले. जमिनीवरचे मेकॅनिक बघत होते. तोंड पुसून वर बघतात तर त्यांचा जोडीदार शेजारी उभा. त्यानं बादली हातातून काढून घेतली, नीट धरली आणि म्हणाला, "अजून असेल तर होऊन जाऊ दे. मग निघू." संध्याकाळी मेसमध्ये त्यानंच नाव ठेवलं, बाल्टी. दुसऱ्या सकाळी परत तेच, तिसऱ्याही. बादली तो धरायचा. चौथ्या दिवशी त्याचं विमान परत आलं नाही.

"मग बादली कुणी धरली?" मी विचारलं.

"कोण न्हाय. ओकायचंच थांबलं." कपातला चहा त्यांनी बशीत ओतला आणि तसाच ठेवला. "भीती गेली न्हाय हां. नुसतं ओकणं थांबलं."

निघताना दारात त्यांनी माझा दंड धरला. "सर, हे घाला. दुसरं काय न्हाय घातलं तरी चालतंय. त्याची धाकटी बहीण सांगलीला दिलेली हाय. तिला बोलावणार हाय मी. त्याचं नाव कुठं दगडावर कोरलं असंल, पण त्यो माणूस कसा होता ते चारचौघांत कोण वाचून दाखवणार?" मग जरा संकोचून म्हणाले, "दर भाऊबीजेला जातो तिच्याकडं. पन्नास वर्षं झाली, ओवाळती मला."

मी म्हणालो, घालतो की.

घरी येऊन लिहायला बसलो. पहिला परिच्छेद झरझर झाला, आकाशाला गवसणी वगैरे. बादलीपाशी आलो आणि अडलो. 'उलटी' लिहिलं, खोडलं. 'वमन' लिहिलं, तर वैद्याच्या पाटीसारखं दिसायला लागलं. 'भयाने पोटात कालवले' असंही करून पाहिलं. पोरं बाकावरून उठली पाहिजेत, आणि इथं नायक ओकतोय. फेटा बांधलेल्या माणसासमोर हे वाचायचं कसं? तासभर घालवला असेन. मग हाताला जी सवय होती ते हातानं केलं. विमानाखाली इंधनानं पेट घेतला, या वीरानं जिवाची पर्वा न करता वाळूच्या बादल्या ओतून आग विझवली, म्हणून सहकाऱ्यांनी त्याला प्रेमानं नाव दिलं बाल्टी. चार ओळी. जोडीदाराला त्यात काही कामच उरलं नाही, म्हणून तो गळला. लिहून झाल्यावर मला बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकतो. चांगलं जमलंय असं वाटलं होतं.

काकांना आधी दाखवलं नाही. मानपत्र आधी दाखवायची पद्धत नाही, अशी मी माझी समजूत घातली.

सत्काराला पहिल्या रांगेत पांढऱ्या केसांची, निळ्या काठाची साडी नेसलेली एक बाई बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. मानपत्र वाचायला खणखणीत आवाजाचे एक गुरुजी होते. आग पेटली तसे त्यांनी आवाज चढवला, आग विझली तशी पोरं खरंच उठली, शिट्ट्या पडल्या. चेअरमन माझ्या कानात म्हणाले, "सर, जिंकलासा." मी स्टेजकडं पाहिलं. काका फेट्याखालून माझ्याकडं बघत होते. मग त्यांनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं. ती पायांकडं बघत होती.

भाषणाला उठल्यावर ते सांगू शकले असते. त्यांनी शाळेचे आभार मानले आणि बसले. परतीच्या गाडीत मी काहीतरी सारवासारव करू लागलो, शब्दमर्यादा, प्रसंगाचं औचित्य. ते खिडकीतून उसाकडं बघत म्हणाले, "ऱ्हाऊ दे सर. मास्तराला पोरांसमोर खोटं पाडत न्हाईत."

ती बाई पेढा घेऊन, न जेवताच सांगलीला गेली होती.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला दुपारी दूध आणायला गेलो, तर काका त्यांच्या इमारतीच्या जिन्यात दिसले. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, हातात काही नाही.

"सांगलीला गेला नाही?"

"फोन आलता. पुण्याला चाललीया म्हणाली." दोन पायऱ्या उतरून थांबले. "पुण्याला तिचं कोण न्हाय."

अजून एक पायरी उतरून ते माझ्याशेजारी आले.

"तिला वाटतंय, मीच भावाला गाळलं. ओकलो ते सांगायची लाज वाटली, म्हणून. मी सांगायला गेलो तर अंगावरचं झटकल्यासारखं दिसतंय. सर, तुमी एकदा फोन करा. एवढंच म्हणा, ह्यानं मला खरं सांगितलेलं."

"आजच करतो," मी म्हणालो. त्यांनी नंबर लिहून दिला.

केला नाही. त्या दिवशी घरात पाहुणे होते. दुसऱ्या दिवशी शाळा. मग आठवड्यानं वाटलं, आता इतक्या दिवसांनी काय म्हणायचं. ही सगळी सांगायची कारणं. खरं कारण हे, की फोन केला असता तर ती मला विचारणार होती, का लिहिलंत असं? शिवाय ही गोष्ट फुटली तर उद्या कोण मला मानपत्र सांगेल, हाही हिशेब मनात होता. एवढासा मान, गावातल्या गावात. तो सांभाळायला मी एका म्हाताऱ्या माणसाची बहीण तोडली.

दुसरी भाऊबीज तशीच गेली. काकांनी परत विचारलं नाही. रस्त्यात भेटले की "काय सर, लिहिणं जोरात?" म्हणायचे, आणि त्यात टोमणा आहे का हे मी पुढचे दोन दिवस तपासत बसायचो. नव्हता बहुतेक. त्यांना टोमणे मारता येत नसावेत. शेवटी शेवटी मी त्यांची गल्ली टाळून शाळेला जायला लागलो.

आषाढात ते गेले. तेराव्याला मुलगा म्हणाला, "बाबांना तुमचं लिखाण फार आवडायचं." मी जेवलो नाही, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर मी मुलाकडून पत्ता घेऊन सांगलीला गेलो. लक्षात घ्या, त्यानंतर. ज्यांच्यासमोर खाली बघावं लागलं असतं ते उरले नव्हते, तेव्हा मला धीर आला. एसटीत बसल्यावर वाक्यं जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्य मानपत्रासारखंच होत होतं.

तिनं दार उघडलं. मी नाव सांगितलं नाही, "ते मानपत्र मी लिहिलं होतं," एवढं म्हणालो. तिनं बसायला सांगितलं. चहाचं विचारलं नाही.

मी सगळं सांगितलं. त्यांनी खरं सांगितलं होतं, तुमच्या भावाचंच घाला म्हणाले होते, आग मी लावली. जिन्यातलं सांगितलं. नंबर दिला होता, तेही.

तिनं उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "पहिल्या वर्षी मी खोटं बोलले, पुण्याला चाललेय म्हणून. दुसऱ्या वर्षी ते न विचारता आले होते की हो. इथं, ह्या दारात. मी बेल ऐकली आणि आतच बसले."

हे मला माहीत नव्हतं. ते मला कधी बोलले नव्हते.

"ताई, माझं चुकलं."

"ते दिसतंयच." तिनं डोळे पुसले नाहीत, ते कोरडेच होते. "दादाचं पत्र आहे माझ्याकडं. लढाईच्या तिसऱ्या दिवशीचं. त्यात बाल्टी नाव ठेवलं ते लिहिलंय. म्हणून तर मला ठाऊक होतं वाचलं ते खोटं आहे. पण खोटं कुणाचं, ते नव्हतं ठाऊक." मग दाराकडं बघत म्हणाली, "मला एकटीला सांगून काय उपयोग, गुरुजी? चारशे माणसांत वाचलंत. चारशे माणसांत सांगा."

मी गडहिंग्लजकडच्या त्या शाळेत गेलो. चेअरमननी ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला. "आवं सर, ती आग आता पोरं सव्वीस जानेवारीला नाटकात करत्यात. खऱ्या वाळूच्या बादल्या आणतोय आम्ही. त्यात आता ओकारी कुठं घालू? माणूस गेला, त्याचं चांगलंच ऱ्हाऊ द्या की." ते काही वाईट माणूस नाहीत. अडीच वर्षांपूर्वी मी हेच बोललो असतो, जरा शुद्ध भाषेत.

म्हणून इथं लिहिलं. छापायला देण्याआधी या वेळी दाखवायचं ठरवलं, आणि कागद टपालानं सांगलीला पाठवले. बारा दिवसांनी परत आले. सोबत चिठ्ठी नव्हती, फोनही आला नाही. सगळ्या कागदांत एकच दुरुस्ती होती, पेन्सिलीनं केलेली. बादली धरतानाच्या प्रसंगात मी लिहिलं होतं, 'तो हसत म्हणाला'. तिनं 'हसत' वर काट मारली होती आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'त्यालाही भीती वाटायची. पत्रात आहे.'

काका तो हसला असं म्हणाले नव्हते. मी वही काढून पाहिली. तो शब्द माझाच होता.

वर तो काढला आहे.