नंदनवनच्या बसमधले दोन डाकू

किस्से कसे गोळा होतात, माणसाले पत्ता लागत नाही. शर्टाची एक गुंडी शोधाले डबा उघडा, तर त्यात मूठभर गुंड्या निघतात, अन् कोणती कधी टाकली हे कोणालेच आठवत नाही! आमच्या स्टाफ बसचं तसंच झालं. रोज सकाळी नागपूरच्या नंदनवनहून कळमेश्वरच्या एमआयडीसीले जाणारी लहानशी बस. आठ माणसं अन् एक ड्रायव्हर. मी सांगाले बसलो की बायको म्हणते, "पुरे ना आता!" जावई म्हणतात, "सांगा ना मामाजी." मंग मी सांगतो. कारण त्यातल्या एका किश्शापायी मी सांगाले शिल्लक आहे. नाहीतर भिंतीवर फोटो असता, अन् फोटोले हार!

*

आधी गेम समजून घ्या. गेम आणला निखिलनं, आमच्या ट्रेनी इंजिनियरनं. तोपर्यंत जो तो कानात इअरफोन खुपसून बसे. निखिल म्हणे, "काका लोक, हॉस्टेलमध्ये आम्ही हे खेळत होतो. एकदम सोपं आहे."

सात जणांनी चिठ्ठ्या काढाच्या, आठव्यानं पंच व्हाचं. दोन डाकू, एक पोलीस, बाकी गावकरी. पंच म्हणतो, "रात्र झाली." सगळे डोळे मिटतात. मंग फक्त डाकू डोळे उघडतात अन् मुकाट्यानं बोट दाखवतात, याले मारा. ते झोपले की पोलीस डोळे उघडतो, एकावर बोट ठेवतो, अन् तो डाकू आहे का हे पंच मान हलवून सांगतो. मंग "दिवस उगवला!" म्हणलं की भांडण सुरू. हात वर करून गाव एकाले बाहेर काढते. दोन्ही डाकू गेले तर गाव जिंकलं, नाहीतर डाकू जिंकले.

पहिल्याच दिवशी स्टोअरच्या डोंगरेकाकांनी चिठ्ठी उघडली, वाचली, अन् लाल होऊन उभेच राहिले. "डाकू? मले? काहून गा निखिल? आजपर्यंत स्टोअरमधून एक स्क्रू घरी नेला नाही मी!"

पहिला गेम रात्र व्हायच्या आत संपला.

*

माझी तऱ्हा तर त्याहून वाईट. आमचं खानदान उमरेडचं, हातमागावरचं. धाग्यात गाठ पडली की कापडात दिसते. माझं तसंच आहे, पोटात खोटं आलं की कानावर दिसते! डाकूची चिठ्ठी निघाली की दोन्ही कान टमाट्यासारखे लाल. चार दिवस मले काही समजेना. तोंड उघडाच्या आत गाव मले बाहेर काढे.

शेवटी पॅकिंगच्या छायाताईनं गुपित फोडलं. "सुधाभाऊचा चेहरा काय पाहता? कान पाहा ना!"

मी कमी नाही. पाचव्या दिवशी माकडटोपी घालून बसमध्ये चढलो. महिना मे! घामाच्या धारा लागल्या. मेंटेनन्सचा विलास म्हणे, "भाऊ, टोपी काढा. तुम्ही डाकू आहात हे आम्ही मानलं, पण उष्माघातानं नका मरू!"

त्या दिवशी गावानं एकमतानं ठरवलं की सुधाभाऊनं आता खेळाचं नाही. कायमचा पंच. जागा सगळ्यात मागच्या सीटवर, म्हणजे सगळ्यांचे हात दिसतील. मले वाईट वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. रात्र कधी होणार अन् दिवस कधी उगवणार, हे साऱ्या गावाले माझ्या तोंडून कळे. घरी कोण विचारते एवढं?

*

डोंगरेकाका पुढं डाकू व्हाले तयार झाले, पण त्यांचा दुसराच प्रॉब्लेम. मी "रात्र झाली" म्हणलं की ते खरंच झोपत. दिवस उगवे, भांडण सुरू होई, काका घोरत. मंग मी मागून खांदा हलवे, "काका, दिवस आहे, डोळे उघडा!" काका दचकून उठत अन् विचारत, "मेलो का मी?"

डाकू त्यांना कधीच मारत नसत. नवीन माणसाले वाटेल, दया आली. काय दया! एक डाकू काकांच्या डाव्या बाजूले बसे, एक उजव्या. मतदान आलं की कोपरानं ढोसत, काका झोपेतच हात वर करत. दोन डाकूंची तीन मतं!

चार दिवसांनी छायाताईच्या ध्यानात आलं. तिनं काकांना उचलून स्वतःच्या बाजूले बसवलं. त्या दिवसापासून गाव जिंकाले लागलं. काकांना आजही वाटते, ते त्यांच्या अकलेनं जिंकलं.

*

विलास आमच्यातला सगळ्यात पाताळयंत्री. एकदा तो अन् निखिल, दोघे डाकू. दिवस उगवला अन् विलासनं जो आवाज चढवला! "मी सांगतो, निखिल डाकू आहे! याच्या डोळ्यांत पाहा! माझ्या सख्ख्या भावासारखा आहे, पण गाव आधी!"

निखिलचं तोंड उघडंच राहिलं. गावानं त्याले बाहेर काढलं. चिठ्ठी पाहिली तर खरंच डाकू. मंग विलासवर कोण शक घेणार? तो देवमाणूस झाला. दोन रात्रींत त्यानं पूर्ण गाव खाऊन टाकलं.

कॅन्टीनमध्ये तर्री-पोह्याची प्लेट समोर ठेवून निखिल गुमसुम. विलास म्हणे, "अबे, पण जिंकलो ना आपण!"

निखिल म्हणे, "तू जिंकला. मी मेलो."

*

छायाताईचं पोलीसपण पाहाचं असेल तर ती काय बोलते ते ऐकू नका, ती कधी बोलते ते पाहा. पहिल्याच रात्री डाकू सापडला तरी सकाळी ती वांग्याचा भाव सांगत बसे. कारण पोलिसानं घाईनं तोंड उघडलं की पुढच्या रात्री डाकू त्यालेच मारतात. दुसरा डाकू सापडला की मंग डबा बाजूले ठेवून म्हणे, "चला, आता बोलते मी." दोन वाक्यांत गेम खतम.

मी एकदा विचारलं, "काय वं छायाताई, तुले धीर कसा धरवते?"

ती म्हणे, "भाऊ, माझ्या घरी तीन पोरं आहेत. कोणी बरणीतला लाडू खाल्ला तर मी लगेच विचारत नाही. पाणी प्याले कोण उठते ते पाहते."

*

मधात माझी एक गोष्ट सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. त्या हिवाळ्यात जिना चढलो की माझी छाती आवळल्यासारखी होई. थोडं बसलं की बरं वाटे. डॉक्टरनं लगेच ईसीजी काढून घ्या म्हणून लिहून दिलं होतं. तो कागद मी पाकिटात घडी घालून ठेवला. पोरीचं लग्न बारा दिवसांवर, पारशिवनीकडचे पाहुणे, पत्रिका वाटून झालेल्या. म्हणलं, अक्षता पडल्या की जाऊ. बायकोलेही बोललो नाही. हिवाळाच होता, कानाले मफलर गुंडाळून राहिलो. मफलरवर कोणी शक घेत नाही.

*

आता राहिले दशरथभाऊ. आमचे ड्रायव्हर. ते गेममध्ये कधीच नव्हते. निखिलनं पहिल्या दिवशी विचारलं होतं, "भाऊ, तुम्ही पण खेळा ना."

दशरथभाऊ म्हणे, "मी डोळे मिटले तर सगळं गावच मरते!"

पण मजा पाहा. त्यांच्या डोक्यावर तो लंबा आरसा. आम्ही रात्र केली की गाडीत दोघांचेच डोळे पूर्ण वेळ उघडे, माझे अन् त्यांचे. डाकू कोण, हे त्यांना रोज माहीत! विलासनं त्यांना सावजीच्या जेवणाचं आमिष दाखवलं. छायाताईनं एकदा अख्खा डबा दिला, भरल्या वांग्याचा. दशरथभाऊंनी डबा चाटूनपुसून खाल्ला, धुऊन परत केला. ती म्हणे, "मंग सांगा, डाकू कोण होता?"

ते म्हणे, "मीठ थोडं कमी होतं."

फारच मागं लागलो तर एकच बोलत. "आरसा मागच्या गाड्या पाहाले असतो." इतक्या दिवसांत त्या माणसानं एक नाव घेतलं नाही, एकदा हात वर केला नाही.

*

ही अशी माणसं. मले सख्खा भाऊ नाही, पण देवानं त्याच्या बदल्यात बस भरून दिली, हे मी उघड बोलतो. लाज कशाची?

त्या दिवशी बसमध्ये चढलो तेव्हाच थंडीत घाम आला होता. मागं जाऊन बसलो. चिठ्ठ्या वाटल्या. "रात्र झाली," म्हणलं. सात जणांनी डोळे मिटले, अन् मी सुटकेचा श्वास घेतला. कोणी पाहणारं नाही. छातीवर हात दाबून धरला, दात आवळले. डाकूंनी डोळे उघडले तेव्हा हात खाली घेतला अन् हसलो. दिवस उगवला, भांडणं झाली. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. तिसऱ्या रात्री डाव्या हाताले मुंग्या आल्या.

"दिवस उगवला," म्हणलं. आवाज माझा मलेच दुरून आला. विलास ओरडाले सुरुवात करणार, तेवढ्यात बस रस्त्याच्या कडेले लागली.

दशरथभाऊंनी मागं न पाहता म्हणलं, "थांबा. आज मले मत द्यायचं आहे."

सगळ्यांच्या माना पुढं वळल्या.

"कोणाच्या विरोधात?" निखिलनं विचारलं.

"पंचाच्या."

"भाऊ, पंच गेममध्ये नसतो!"

"तीन रात्री झाल्या. तिन्ही रात्री या माणसानं छाती धरली. मी आरशात पाहून राहिलो."

सगळे मागं वळले. मी म्हणलं, "काही नाही गा. गॅस आहे. सकाळी आलूबोंडा खाल्ला."

छायाताई उठून मागं आली. माझ्या चेहऱ्याकडं तिनं पाहिलंच नाही. मफलरचं टोक धरलं अन् एका झटक्यात ओढून काढलं.

"पंच खोटं बोलून राहिला," ती म्हणे. "हात वर करा!"

पहिला हात डोंगरेकाकांचा. वर करून मंग त्यांनी विचारलं, "कोणाले काढून राहिलो आपण?" मंग विलासचा, निखिलचा, सगळ्यांचे. सात. अन् पुढं, स्टेअरिंगवरून उचललेला आठवा.

निकाल पंचानंच सांगाचा असतो. मी सांगितला. "गावानं पंचाले बाहेर काढलं."

दशरथभाऊंनी बस तिथंच वळवली, नागपूरकडं. विलासनं फोनवर दवाखान्यात कळवलं. निखिल माझ्या पाकिटात आधार कार्ड शोधून राहिला होता, त्याले तो घडी घातलेला कागद सापडला. त्यानं वाचला, छायाताईले दिला. ती वाचून पदरानं माझा घाम पुसत राहिली.

मले सीटवर आडवं केलं. डोकं डोंगरेकाकांच्या मांडीवर. हॉर्नचा आवाज हळूहळू दूर जाऊन राहिला होता. दुखणंही दूर गेल्यासारखं वाटलं. छान झोप येऊन राहिली होती. मी डोळे मिटले.

तेवढ्यात कोणीतरी माझा खांदा गदागदा हलवला. काका. त्यांचे डोळे टक्क उघडे, अन् भरून आलेले.

"सुधाकर! पंचानं रात्र सांगितली का? नाही ना? मंग दिवस आहे. डोळे उघड!"