डाव्या बाजूचे केस

बंगल्याच्या मागच्या व्हरांड्यात मला खाली फरशीवर बसवलं होतं. माझ्या पाठीमागं माझे वडील, आबा, उभे होते. त्यांच्या हातात केस कापायचं मशीन होतं.

"तुझी पोर हाय ना," बाईसाहेब त्यांना म्हणाल्या, "मग तूच काढ."

मशीन सुरू होतं. त्या आवाजावर आमचं घर चालतं.

बाजूला खुर्चीत बाईसाहेबांचे यजमान, मालक, बसले होते. एका गालाची दाढी झालेली, दुसऱ्या गालाला साबण तसाच. दाढी अर्धी राहिली याचाच त्यांना जास्त वैताग आला होता.

"कर की बे," ते म्हणाले. "फेस वाळायला लागला."

आबांनी माझं डोकं पुढं वाकवलं. डाव्या कानाच्या वर मशीन टेकवलं.

हे कशामुळं झालं ते सांगते. फार मोठी गोष्ट नाही. एका बाईला केस कापून हवे होते, मी कापले. एवढंच.

आमचं गाव वडवणीजवळ. आम्ही न्हावी. आबांचं फाट्यावर दुकान आहे. दुकानात येईल त्याची दाढी करायची, हा धंदा. पण दर रविवारी सकाळी स्वतः बंगल्यावर जायचं, हा धंदा नाही. हा रिवाज. आजोबा जायचे, आबा जातात. त्या घरातलं जावळ आमच्याकडं, नवरदेवाची दाढी आमच्याकडं, कुणी गेलं की दहाव्याला डोकी आमच्याकडं. त्यांच्या लग्नात नवरीची नखं काढायला माझी माय होती तोवर ती जायची. याला बंगल्यावर 'मान' म्हणतात. मानाचं ताट मागच्या दारात मिळतं.

मी एकुलती एक. बारावी झाल्यावर बीडला पार्लरचा कोर्स केला आणि वडवणीच्या बाजारपेठेत एका लेडीज पार्लरमध्ये लागले. आयब्रो, फेशियल, नवरीचा मेकअप. केस कापायला बाया यायच्या, पण सगळ्यांचं एकच, टोकं तेवढी काढ. माझा जीव मात्र कटिंगमध्ये. मोबाईलवर व्हिडिओ बघायचे आणि पार्लरमधल्या प्लास्टिकच्या डोक्यावर हात चालवायचे.

मालकांची धाकटी सून पुण्याची. वहिनीसाहेब. वयानं माझ्याच बरोबरीची, केस कंबरेच्या खाली. एका शनिवारी तिचा फोन आला.

"उद्या घरी येशील का? असिमेट्रिकल पिक्सी करायचाय. फोटो पाठवलाय बघ."

फोटो बघितला. एका बाजूला कानावर केस एकदम बारीक. दुसऱ्या बाजूला कपाळावरून तिरपे उतरून थेट जबड्यापर्यंत. मान सगळी उघडी. असा कट आमच्या भागात कुणी मागत नाही. मी घाबरले, आणि खरं सांगायचं तर हरखलेही.

"घरात विचारलंय का?" मी म्हटलं.

"केस माझे आहेत," ती म्हणाली.

ते वाक्य मला लई आवडलं. रात्रभर डोक्यात घोळत होतं.

रविवारी आबांच्या मागं सायकलवर बसून गेले. ते मागच्या व्हरांड्यात मालकांकडं गेले, मी वर वहिनीसाहेबांच्या खोलीत. तिचा चेहरा गोल. मी तिला म्हटलं, उजवी बाजू जबड्याच्या जरा खाली ठेवू, म्हणजे चेहरा लांबट दिसंल. डाव्या अंगाला भोवरा होता. तिथले केस अर्धवट ठेवले तर उभे राहणार, म्हणून ती बाजू बारीक करायची. तिला पटलं. आधी सैल वेणी घातली आणि ती मुळापाशी कापली. हातात जड लागली. मग पाणी मारून क्लिपा लावल्या, एकेक बट घेत वरून खाली आले. कपाळावरचे केस शेवटी, कात्री उभी धरून, म्हणजे कडा कापल्यासारखी दिसत नाही.

कट झकास झाला. उगाच विनय कशाला? ती आरशात बघून हसली, मान इकडून तिकडं हलवली. "मानेला वारा लागतोय गं," म्हणाली.

तेवढ्यात बाईसाहेब पूजा आटपून वर आल्या. त्यांनी सुनेकडं बघितलं. मग खाली पडलेल्या वेणीकडं. आसपासच्या सगळ्या गावांतल्या बाया त्यांच्याकडं हळदीकुंकवाला येणार होत्या, धाकट्या मुलाला जिल्हा परिषदेला उभं राहायचं होतं. अंबाड्यावर गजरा माळलेली सून दारात हवी होती.

"नवरा जित्ता हाय ना गं तुझा?" त्या सुनेला म्हणाल्या.

आणि वहिनीसाहेब म्हणाली, "मी फक्त टोकं काढायला सांगितली होती. हिनंच कापले."

माझ्याकडं बघून नाही. आरशात बघून.

माझ्या मोबाईलमध्ये फोटो होता, तिनंच पाठवलेला. मी तो उघडून पुढं केला. बाईसाहेबांनी मोबाईल हातानं बाजूला सारला. "मला दाखवती का? न्हाव्याची पोर, अन् आमच्या सुनंला खोटं पाडती? उचल आधी ते समदं."

मी उचललं. केस पोत्यात भरले, बंगल्यामागच्या उकिरड्यावर टाकून आले. परत आले तर बाईसाहेब मागच्या व्हरांड्यात उभ्या. आबांच्या एका हातात वस्तरा, तोंड उतरलेलं. त्यांना सगळं सांगून झालं होतं.

"बस खाली," बाईसाहेब मला म्हणाल्या. "दुसऱ्याचे कापायला हात लई चालतो. आता तुझे जाऊ दे."

मी बसले. का बसले, ते मला आज सांगता येत नाही. त्या घरात आमच्यातलं कुणी कधी उभं राहून बोललेलं नव्हतं.

मशीन फिरलं. कपाळाच्या कोपऱ्यापासून कानामागपर्यंत. वेणीचा अर्धा भाग सुटून मांडीवर पडला. आबांचा हात थरथरत नव्हता. मला सगळ्यात जास्त ते लागलं. मालकांच्या गालावर जसा चालतो तसाच चालत होता, सरावाचा हात.

मशीन टाळूकडं आलं तेव्हा मी त्यांचं मनगट धरलं.

"बास," मी म्हटलं आणि उठले.

"खाली बस," बाईसाहेब म्हणाल्या.

"न्हाई बसत."

एवढंच. यापेक्षा मोठं काही मी बोलले नाही. खूप काही बोलायला पाहिजे होतं, ते नंतर सुचलं. बाईसाहेबांनी आबांकडं बघितलं. आबांनी खाली बघितलं. मग मालक म्हणाले, "जाऊ दे तिला. दाढी पुरी कर."

आणि आबांनी दाढी पुरी केली.

मी एकटीच निघाले. बंगल्यापासून फाट्यापर्यंत सगळं गाव लागतं. रविवार, सगळे घरी. एका बाजूला टक्कल, एका बाजूला कंबरेपर्यंत केस. पोरं मागं लागली. ओटे शांत झाले. खांद्यावर ओढणी होती. आधी ती डोक्यावर घ्यायचं सुचलंच नाही. मग सुचलं, तेव्हा घेतली नाही.

दुकानात जाऊन बसले. आबा आले, शटर अर्धं खाली ओढलं. बराच वेळ कात्र्या उगाच पुसत राहिले.

"झिरो मारू समदं," ते म्हणाले. "तिरुपतीला केस देऊन आलो म्हनू. कोन इचारतंय? वरीसभरात येत्यात."

आमच्याकडं हे चालतं. नवस फेडायला बाया तिरुपतीला जातात, सगळे केस देतात, टोपी घालून परत येतात. लोक त्यांच्या पाया पडतात. आबांनी वाट शोधली होती आणि वाट सोपी होती. अपमानाची पुण्याई करून टाकायची.

"कावून?" मी म्हटलं. "देवानं मागितले व्हते का? बाईसाहेबांनी मागितले."

"माय, तुझ्या पाया पडतो."

"आरसा धरा मागून."

आयुष्यात पहिल्यांदा मी आबांच्या दुकानातल्या खुर्चीत बसले. पुरुषांची खुर्ची. डावी बाजू झालेलीच होती, ती मशीनची वाट तेवढी कात्रीनं सारखी केली. उजवीकडचे केस मुठीत धरले आणि जबड्याच्या रेषेवर कापले. माझा चेहरा लांबोडका, मला जबड्याच्या खाली नको होते, म्हणून वर घेतले. मानेवरचे बारीक केले. कपाळावरून तिरपी बट सोडली. पुरुषांच्या केसांना लावायचं थोडं मेण डबीतून बोटावर घेऊन ती बट बसवली. आबा मागं छोटा आरसा धरून उभे होते. दोनदा मला म्हणावं लागलं, सरळ धरा.

हा कट मी निवडला नव्हता. अर्धा त्यांनी केला होता. उरलेला अर्धा मी निवडला.

पुढं काय झालं? काही नाही. तेच सांगायचंय.

पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या साहेबानं सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "मशीन कुणाच्या हातात होतं?" मी म्हटलं, वडिलांच्या. "मग बापानं पोरीचे केस कापले, यात गुन्हा काय झाला?" तेव्हा मला कळलं, बाईसाहेबांनी स्वतः हात का लावला नाही. आबांना साक्षीला बोलवा म्हटलं. आबा आले नाहीत.

पार्लरच्या मॅडमनं उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. पार्लरचा गाळा मालकांचा. मॅडम वाईट नव्हत्या, बोलताना त्यांचे डोळे भरून आले. डोळे भरून येणारी माणसं मी त्या महिन्यात पुष्कळ पाहिली.

उमापूरचं एक स्थळ आलं होतं. पोराच्या आईनं चहा अर्धा ठेवला. "पोरगी चांगली हाय," जाताना म्हणाली, "केस आल्यावर बघू."

आणि बंगल्यावर? वहिनीसाहेबांच्या नवऱ्याला तो कट आवडला. प्रचारात सून उठून दिसते, असं त्याला कुणीतरी सांगितलं. मग गावभर स्टेटस फिरले: वहिनीसाहेबांनी कॅन्सरच्या पेशंटसाठी केस दान केले. हळदीकुंकू झालं, शाल-नारळ देऊन सत्कार झाला, बाईसाहेब सुनेच्या शेजारी उभ्या राहून हसल्या. आमच्या गल्लीतल्या बाया टाळ्या वाजवून आल्या. ते केस उकिरड्यावर कुजत होते. मीच टाकले होते. मी एकदोघींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "असंल बाई, पन आपल्याला काय करायचंय?"

तिचा आणि माझा कट तोच. रस्त्यानं ती गेली की म्हणतात, काय शोभतंय. मी गेले की म्हणतात, टकली चालली.

आता घरीच ओसरीवर एक खुर्ची टाकली आहे. आयब्रोला पोरी येतात, अंधारून आल्यावर, आईला न सांगता. केस कापायला कुणी येत नाही. आबा रविवारी बंगल्यावर जातात. आम्ही त्याबद्दल बोलत नाही. भाकरी वाढते, ते खातात.

मागच्या आठवड्यात वहिनीसाहेबांचा फोन आला. पिक्सी वाढला की त्याचा आकार जातो, तो सारखा कापावा लागतो. बीडला जाऊन आली होती, तिथला कट तिला पसंत पडला नव्हता.

"गाडी पाठवते," ती म्हणाली. "मागच्या दारानं ये. सासूबाई कीर्तनाला जाणार आहेत."

आबा समोर बसले होते. फोन कुणाचा ते त्यांना कळलं.

"येते," मी म्हटलं. "पन बाईसाहेब घरात असताना. त्यांच्यासमोर एवढंच म्हना, कट मीच सांगितला व्हता."

"तुला माहितीये, ते शक्य नाही," ती म्हणाली. आवाज रडवेला. मला तिची कीव आली. थोडीशीच.

"मग न्हाई," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

आबा म्हणाले, "मला जावं लागतं तिथं, माय. रविवारी राग माझ्यावर काढतील."

"तुमी जा. तुमच्या मागं आपल्यातलं कुनी जानार न्हाई. त्यांच्याकडं मयत झाली तरी न्हाई."

आबांनी माझ्याकडं बघितलं. कितीतरी दिवसांनी सरळ बघितलं. मग म्हणाले, "केस तरी वाढू दे आता. लोक इसरत्यात."

तेच तर आहे. माझे केस वाढले की गाव विसरेल. गाव विसरलं की त्या रविवारी बंगल्यावर काहीच झालं नव्हतं. सुनेनं केस दान केले, न्हाव्याच्या पोरीनं तिरुपतीला दिले, सगळं गोड. ठाण्यात कागद नाही, बाप साक्षीला नाही. जे झालं ते फक्त माझ्या डोक्याच्या डाव्या बाजूला दिसतं.

मी ते वाढू देणार नाही.