बेहड्यातली बाळंतीण

या खेपेला आलीस की अशी पुढं ये गो बाय. त्या दारातल्या खुर्चीवर नको, इथं माझ्या चटईवर बस. गेल्या खेपेला काय केलंस, आठवतं? चपला पायातच, एक हात चौकटीला, नि तिथूनच विचारलंस, "आजी, तुमच्या वेळच्या बायका गप्पच बसायच्या ना?" मी तोंड उघडते तोवर तू एसटी गाठायला पळालीससुद्धा. असं विचारतात का कुणाला? प्रश्न टाकायचा नि उत्तर ऐकायला थांबायचं नाही? म्हणून आता लिहूनच ठेवते. अक्षर वेडंवाकडं आहे, ते गोड मानून घे. शाळेची पायरी मी चढले नाही. तुझ्या आजोबांची मुंबईहून पत्रं यायची, ती दुसऱ्याकडून वाचून घ्यायची मला लाज वाटे, म्हणून वाण्याच्या पुड्यांच्या कागदावरची अक्षरं जुळवत जुळवत शिकले. तर गप्प बसण्याचं सांगते.

गोष्ट एकोणीसशे तिसाच्या आसपासची. मी अठरा-एकोणीसची असेन. राजापूरकडच्या या गावात सून होऊन चार-पाच वर्षं झालेली, घो, म्हणजे तुझे आजोबा, मुंबईला गिरणीत, घरात मी, मामंजी आणि आत्याबाई, म्हणजे माझे सासू-सासरे. मामंजी गावचे पहिले मानकरी. देवळात त्यांच्या शब्दाशिवाय निखारा हलायचा नाही.

देवळामागं देवाची राई. आता आहे त्याच्या दुप्पट होती. आत शिरलं की भर दुपारीही हातावरची रेघ दिसू नये एवढा काळोख. तिथलं झाड तोडायचं नाही, पडलेली काटकीसुद्धा चुलीत घालायची नाही, असा दंडक. शेत भाजायला पाला हवा म्हणून आम्ही बायका तीन डोंगर पालथे घालायचो, पण राईतलं एक पान उचलायचो नाही. आणि त्या राईच्या पोटातून एक पऱ्या, म्हणजे ओहोळ, निघायचा. आमच्या वाडीचं सगळं पाणी तेच. वैशाखात विहिरींचा तळ दिसे तेव्हाही पऱ्याची धार मनगटाएवढी असायची.

राईतून पऱ्याकडं जाणाऱ्या वाटेवर बेहड्याचं एक झाड होतं. चार माणसांच्या कवेत न मावणारं. त्याच्या खोडात उंचावर ढोली, आणि त्या ढोलीत माडगरुडाची मादी. तुमच्या पुस्तकात त्याला धनेश म्हणतात. काळं पाखरू, पोटाला पांढरं, नि चोच अशी की जणू चोचीवर आणखी एक चोच ठेवलीय. उडताना आवाज कसा, तर सुपात भात पाखडावं तसा. शिमगा झाला की मादी ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. मातीनं, विष्ठेनं, पक्कं. एक फट तेवढी ठेवते, चोचीचं टोक जाईल एवढी. आत बसून पिसं गाळते, अंडी घालते, पिलं वाढवते, आणि पिलं उडायजोगी झाली की मग दार फोडते. अडीच-तीन महिने बाहेरचं ऊन तिला दिसत नाही.

तिला खायला कोण घालतं? नर. मी हंडा भरता भरता बघत राहायची. खोडाला येऊन चिकटायचा, मान खालीवर करायचा, आणि घशातून एकेक फळ वर काढून फटीत द्यायचा. वडाचं, उंबराचं, कसलंकसलं. एकदा तर मी बोटं मोजत बसले, दोन्ही हातांची बोटं तीनदा संपली तरी याचं देणं चालूच. मी आत्याबाईंना म्हटलं, "बघा तरी, कसा रतीब घालतो. नाहीतर तुमचा लेक, सहा महिन्यांत दोन पत्रं."

त्या म्हणाल्या, "माझा लेक उडत नाही गो. त्याला आगबोटीनं यावं लागतं."

हसलो आम्ही. पण मला एक गोष्ट टोचायची. माझ्या माहेरी मी लहान असताना वीसवीस माडगरुडांचा थवा संध्याकाळी डोक्यावरून जायचा. मग एका लाकडाच्या कंत्राटदारानं माहेरची राई तोडली. पलीकडच्या गावानं दिली, त्याच्या पलीकडच्यानं दिली. खाडीतून मचवे भरभरून लाकूड मुंबईला गेलं. आता आसपासच्या सात गावांत ही एकच जोडी उरलेली. पलीकडच्या गावातला झरा दोन उन्हाळ्यांत आटला, नि तिथल्या बायका हंडे घेऊन आमच्या पऱ्यावर येऊ लागल्या होत्या. हे आम्हा पाणी भरणाऱ्यांना दिसत होतं. पुरुषांना दिसत नव्हतं, कारण त्यांना पाणी घरात हंड्यातच दिसायचं.

त्या वर्षी आमच्या देवळाच्या तुळया वाळवीनं खाल्ल्या. तेव्हा तोच कंत्राटदार आमच्या गावात आला. म्हणाला, राईतली मोठी झाडं मला द्या, देवळाला सागाच्या नव्या तुळया नि मंगलोरी कौलं मी घालून देतो. लोक हुरळले. देवाला कौल लावला. गुरवानं मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या, प्रश्न विचारला, उजवी पाकळी पडली. उजवी म्हणजे होय. झालं! चैत्र संपायच्या आत तोड सुरू करायची ठरलं, कारण पावसाआधी लाकूड खाडीला लागायला हवं. आणि पहिला मान कुणाला? सगळ्यांत मोठ्या झाडाला. बेहड्याला.

मी मामंजींच्या पानात भात वाढता वाढता म्हटलं, "मामंजी, त्या झाडात मादी आहे. पिलं आहेत आत. अजून महिनाभर तरी बाहेर पडायची नाहीत."

"मग?"

"बाळंतीण आहे ती. निदान तिला उठू दे."

ते हसले. रागावले असते तर परवडलं असतं. म्हणाले, "आता पाखरांची सुईण झालीस होय? भात वाढ."

आत्याबाई चुलीशी गप्प. मला त्यांचाही राग आला. कंत्राटदाराचा माणूस तर परड्यात येऊन सांगून गेला होता, त्या पाखराच्या चरबीचं तेल सांधेदुखीवर रामबाण, झाड पडलं की ते पाखरू मला द्या. त्या रात्री मी जेवले नाही, आणि उपाशीपोटी माणसाला भलतं धैर्य येतं.

तोडीच्या दिवशी सकाळी सगळा गाव देवळापुढं. पुरुष पुढं, कुऱ्हाडी उंबऱ्याला टेकवून ठेवलेल्या. कंत्राटदार एका बाजूला छत्री घेऊन. आम्ही बायका मागं, पाण्याचे तांबे घेऊन. आता गाऱ्हाणं व्हायचं होतं. तुला माहीतच आहे, आपल्याकडं काहीही करायचं तर आधी देवाला मोठ्यानं गाऱ्हाणं घालायचं. एकानं एकेक वाक्य म्हणायचं, नि बाकीच्यांनी हात जोडून, मान खाली घालून, प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. पोरवयापासून एवढ्या वेळा म्हटलेलं असतं की ऐकायची गरजच राहत नाही. सूर पडला की तोंड आपोआप उघडतं. आणि एकदा सुरू झालेलं गाऱ्हाणं मधे तोडायचं नाही. तोडलं तर ते तोडणाऱ्यावर उलटतं, असा धाक. बाई गाऱ्हाणं घालत नसे. घालू नये असं कुणी सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. फक्त घालत नसे.

मामंजी पुढं झाले. नारळ ठेवला. सगळ्यांनी डोळे मिटले. ते घसा साफ करायला खाकरले, आणि त्या खाकरण्याच्या आत मी सूर लावला.

"बा देवा म्हाराजा, तू या वाड्यावस्त्यांचा राखणदार!"

"व्हय म्हाराजा!"

सगळे पुरुष. एकजात. छाती भरून.

"तुझी लेकरं तुझ्या दारात गोळा झाली हायत, त्यांचं चुकलंमाकलं पोटात घे!"

"व्हय म्हाराजा!"

आता दोन-चार माना वर झाल्या. आवाज बाईचा आहे हे कुणाच्यातरी ध्यानात आलं. मामंजी मागं वळले. त्यांचे डोळे अजून आठवतात मला. पण गाऱ्हाणं सुरू झालं होतं. तोडतो कोण?

"तुझ्या राईत, तुझ्या बेहड्यात, एक आवस, एक आई, पिलं घेऊन बसलीय. ती जागा तिला तूच दिलीस!"

"व्हय म्हाराजा!" थोडे कमी आवाज, पण आले. ज्यांनी म्हटलं त्यांच्या चेहऱ्यांवर, आपण हे काय बोललो, असं.

"ती पिलांना घेऊन आपल्या पंखांनी बाहेर पडेस्तोवर जो कोण त्या राईला लोखंड लावील, त्याच्या घरच्या बाळंतिणीकडं कसं बघायचं, ते तुझं तू ठरव!"

आता सगळे जागे झाले होते. एक तोंड उघडेना. आणि वाक्य पुरं होऊन त्याला "व्हय" नाही मिळालं तर ते लोंबकळत राहतं, म्हणणारीच्या गळ्यात. खोटं कशाला सांगू? तांब्यातलं पाणी हिंदकळून माझ्याच पायावर सांडत होतं. पण मान मी खाली घातली नाही.

तेव्हा माझ्या मागून, अगदी कानाशी, आवाज आला, "व्हय म्हाराजा." आत्याबाई! चुलीशी गप्प बसलेल्या. त्यांच्यामागून दुसरी, तिच्यामागून तिसरी, नि मग पाणी भरणाऱ्या सगळ्या. बायकांचा "व्हय म्हाराजा" त्या आवारात त्याआधी कधी घुमला नव्हता. म्हातारा गुरवही बोलला. ज्याच्या हाती पहिली कुऱ्हाड द्यायची होती, त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते. तो मागं सरकला आणि हात धोतराला पुसू लागला.

कंत्राटदार हसला. "एका बाईच्या बडबडीवर गाव थांबायचा काय, मानकरी?"

मला वाटलं, आता मामंजी मला घरी धाडणार. पण ते वळले ते त्याच्याकडं. म्हणाले, "बडबड नव्हे ती. गाऱ्हाणं आहे. घातलंय कुणी ते आमचं आम्ही बघू. 'व्हय' आम्ही म्हटलंय. तुम्ही छत्री मिटा."

घरी आल्यावर मात्र माझी वरात निघाली. बैठक बसली. चारचौघांच्या पाया पडून माफी माग, असं ठरलं. मी म्हटलं, "देवाची मागेन. त्याचा सूर मी चोरला. तुमची कशाला? तुम्हाला कुणी 'व्हय' म्हणायला सांगितलं होतं?" एक म्हातारा संतापून म्हणाला, "जीभ बघा हिची!" आत्याबाई आतून म्हणाल्या, "बघून घ्या, नि कानही उघडे ठेवायला शिका." माफी मी मागितली नाही. मामंजी माझ्याशी बोलायचे बंद झाले. पाणी हवं असलं तरी भिंतीला सांगायचे, "पाणी आणा म्हणावं." मी भिंतीलाच म्हणायची, "आणते म्हणावं." महिनाभर आमच्या घरात भिंतीएवढं काम कुणी केलं नसेल.

ज्येष्ठाच्या सुरुवातीला एका सकाळी पऱ्यावर गेले तर बेहड्याखाली लिंपणाचे खपले पडलेले. वर बघते, तर मादी फांदीवर. पिसं विस्कटलेली, शेपूट मुडपलेली, जणू घडी करून ठेवलेलं लुगडं उलगडलंय. शेजारी दोन पिलं, नि नर समोरच्या झाडावरून हाका घालतोय. मी हंडा तिथंच ठेवून घरी धावले नि भिंतीला न सांगता थेट मामंजींना सांगितलं. ते उठले. माझ्यामागून पऱ्यापर्यंत आले. झाडाखाली बराच वेळ मान वर करून उभे राहिले. मग म्हणाले, "दोन आहेत." बस्स, तेवढंच.

पण आता शब्द संपला होता. ती बाहेर पडली होती, कुऱ्हाड चालवायला कुणाची आडकाठी नव्हती. पाऊस तोंडावर म्हणून कंत्राटदार गेला खरा, पण दसरा झाल्यावर पुन्हा हजर. पुन्हा कौल लावायचं ठरलं. या खेपेला आत्याबाईंनी पुढं होऊन सांगितलं, पाणी आम्ही भरतो, तेव्हा प्रश्नात पऱ्याचंही नाव घ्या. गुरवानं घेतलं. पाकळी डावी पडली. लोक म्हणतात, देवानं राई राखली. राखली असेल. पण उजवी पडली असती तरी मी पुन्हा उभी राहिले असते. आणि या खेपेला मागं बायका किती, ते मला मोजावं लागलं नसतं.

देऊळ पुढं कितीतरी वर्षं झावळ्यांनीच शाकारलं. दर वर्षी झापं आम्ही बायकांनी विणली. आसपासचे लोक हिणवायचे, यांचा देव झोपडीत राहतो. राहू दे! त्याच्या मागं राई तर होती. सगळी नाही वाचली, हेही सांगते. खालची बाजू नंतर हळूहळू गेली, कधी रस्त्याला, कधी कुणाच्या कलमांना. तिथं मी कमी पडले. बेहडा मात्र उभा आहे.

आता परवा मोजणीवाले आले होते, टेप घेऊन. राईतून वाट रुंद करायची म्हणतात. मी काठी टेकत त्यांच्या टेपवर उभी राहिले ती हललेच नाही. एक जण म्हणाला, "आजी, बाजूला व्हा." मी म्हटलं, "तूच हो बाबा, तुझे गुडघे चांगले आहेत." परतले खरे, पण पुन्हा येणार. आणि माझे डोळे आता त्या ढोलीपर्यंत पोचत नाहीत गो. मादी आत शिरली की नाही, फट लिंपली की नाही, मला दिसत नाही. बघणारं माणूस हवं. शिमगा पंधरा दिवसांवर आलाय. रजा मिळत नाही म्हणू नकोस. ये, लवकर ये, आणि चार दिवस राहायच्या बोलीनं ये.