तिसरी काचपट्टी

लॅबमधले किस्से बरणीच्या बुडाशी बसलेल्या साक्यासारखे. कितीही विसळा, थोडे उरतातच! आमचे सर दिग्रसचं कॉलेज सोडून शेवटी पुण्याला गेलेच, त्यालाही किती वर्षं झाली. मी रिटायरही झाले. तरी कोणी जुनं भेटलं की मी सुरू.

आम्ही तिघंच होतो. जिवाणू शिकवणारे सर, काचसामान धुणाऱ्या सिंधूताई आणि मी, पंचविशीतली लॅब असिस्टंट.

* * *

कापसाचे भाव कोसळलेले दिवस. परीक्षानळ्यांना कापसाचे बोळे लागत, ते सिंधूताई स्वतःच्या वावरातून आणायच्या.

"अहो ताई, विकायचा ना!" सर म्हणाले.

"व्यापारी म्हन्ते माल हलका हाय. तुमचे जंतू तं नावं नाई ठेवत!"

सर इतके हसले की डोळ्यांना पाणी आलं. चष्मा पुसायला मी माझा रुमाल दिला. तो रुमाल अजून माझ्या कपाटात आहे.

* * *

सरांना एकच वेड. "जिवाणू पाण्यात तरंगतात तोवर गरीब. काचेला चिकटले की तेच जहाल होतात!"

तळ्यातला अमीबा आणून ते दाखवायचे. तरंगते जिवाणू दिले की अमीबा मटामट खायचा. काचपट्टीला चिकटलेले दिले की काही तासांत अमीबाच खलास!

मी विचारलं, "पण आपण चिकटलो हे त्यांना कळतं कसं?"

"स्पर्श कळतो हो, मॅडम," सर म्हणाले.

त्या दिवशी मी सगळी लेबलं चुकीची लावली.

* * *

एकदा जिवाणू चिकटलेली काचपट्टीच सिंधूताईंनी धुऊन टाकली.

"ताई! सगळं तिच्यावरच होतं!"

"अवो सर, बुळबुळीत लागत होती. राखेनं घासली म्या!"

सर डोक्याला हात लावून बसले. मग तिघांनी चहा घेतला. दुसऱ्या दिवसापासून काचपट्ट्यांच्या बरणीवर चिठ्ठी: 'धुऊ नये'.

* * *

पुण्याच्या एका संशोधन संस्थेचं सरांना पत्र आलं. चिकटलेल्या जिवाणूंनी अमीबा मरतो, हाच निकाल महिन्याच्या आत तीनदा सारखा दाखवा, इथली जागा तुमची! सरांनी आधीच पेढे वाटले. दोनदा जमलंसुद्धा.

मी सिंककडे तोंड करून उभी होते. सर जाऊ नयेत, एवढंच मला वाटत होतं. सांगणार कोणाला?

"काहून रडून राह्यली वं?" सिंधूताईंनी विचारलं.

"फिनाइल गेलं डोळ्यांत."

"फिनाइल संपून आठ रोज झाले, बाई."

* * *

आणि हा शेवटचा. कापूस वेचायला सिंधूताई तीन दिवस रजेवर होत्या. चौथ्या दिवशी सकाळी सरांनी बरणी उघडली. महिन्यातली शेवटची संधी. तिसरी काचपट्टी आरशासारखी लख्ख!

सर पांढरे पडले. "कोणी धुतली?"

मी सिंकपाशी उभी. ओले हात पाठीमागे.

तेवढ्यात सिंधूताई दारात आल्या. हातात कापसाची पिशवी, चपलांना वावरातली ओली काळी माती. त्यांनी काचपट्टी पाहिली, सरांना पाहिलं, मग मला.

"म्या धुतली, सर. हाताले सवय पडली न, बाप्पा!"

सर त्यांच्या चपलांकडे बघत राहिले.

सिंधूताई माझ्याजवळ आल्या आणि हळूच पदर पुढे केला.

"हात पूस, पोरी."