माल उघडा, मग बात करा

आमच्या जळकोटात दवाखान्यात जाऊन खोटं पचवलेला माणूस नर्सबाईंच्या काळात एकही झाला नाही, हे मी तुळजाभवानीची शपथ घेऊन सांगते. पाटील असोत, भटजी असोत, नाहीतर आमचे हेडमास्तर, बाई सगळ्यांना एकच वाक्य ऐकवत, "माल उघडा, मग बात करा." म्हणजे आधी हातातली पिशवी बाकावर उलटी करायची, कनवटीची पुरचुंडी सोडायची आणि मग कुठं दुखतं ते सांगायचं. याचं मूळ बाईंच्या वडलांत होतं. निजामाच्या राज्यात ते सोलापूरच्या रस्त्यावर करोडगिरीच्या नाक्यावर शिपाई होते. इंग्रजी हद्दीतून येणाऱ्या गाड्यांची जकातीसाठी झडती घ्यायची, हे त्यांचं काम. राज्य गेलं, नाका गेला, झडती मात्र त्या घरातून गेली नाही. गावानं दवाखान्याचं नावच करोडगिरी ठेवलं होतं. "कुठं निघालास?" म्हणून विचारलं की माणूस सांगायचा, "करोडगिरीवर. पोट दुखायलंय."

बाईंना माणसांची नावं आठवत नसत, पिशव्या आठवत. "ती हिरव्या पिशवीची आली न्हाय का सुईला?" असं विचारायच्या. एक म्हातारे पाटील पोटात आग पडते म्हणून आले आणि दुधाशिवाय आपण काही घेत नाही, असंही सांगून बसले. त्यांच्या पिशवीतून गुडघ्याच्या दोन तऱ्हेच्या गोळ्या, एक जालीम चूर्ण आणि देवीचा अंगारा निघाला. बाईंनी अंगारा स्वतःच्या कपाळाला लावला आणि बाकीचं जप्त केलं. भाचीच्या लग्नात तर त्यांनी नवऱ्या मुलाच्या बापाचा कोट तपासून सोड्याच्या नऊ पुड्या काढल्या आणि अक्षता पडायच्या आत जाहीर केलं, "याहीबुवा वायूचे हायत, वांगं वाढू नका." व्याहीबुवा बिचारे जेवणभर वरणभातावर राहिले.

मी या सगळ्याला पोट धरून हसायची. मग एके दिवशी माझाच नंबर लागला.

मी तिथल्या शाळेत मास्तरीण. लग्नाआधी माझ्या गळ्याची गाठ काढली होती आणि गाठीबरोबर ती ग्रंथीही गेली, त्यामुळं रोज सकाळी थायरॉईडची गोळी जन्माला चिकटलेली. घरात तिचं नाव गळ्याची गोळी. तीन बाळंतपणं पाठोपाठ झाली, चौथं नको होतं. त्या वर्षांत लूपचा बोलबाला होता, पण गावात लूप बसवला की संध्याकाळपर्यंत पाणवठ्यावर कळतं, आणि सासूबाईंना अजून दोन नातू हवे होते. तेव्हा मी आणि ह्यांनी सोलापूरच्या एका डॉक्टरीणबाईंकडून पाळणा थांबवायच्या, रोज घ्यायच्या गोळ्या आणल्या आणि घरात सांगितलं, ताकदीच्या आहेत. थाप इतकी मुरली की मलाही ती खरी वाटायला लागली. आमच्याकडं ताकदीची गोळी औषधात धरत नाहीत, डिंकाच्या लाडवात धरतात.

दोन-तीन महिन्यांत माझी ताकद कुठं गेली कोण जाणे. ऐन चैत्रात मला शाल लागायची. तोंड सुजायचं, आवाज घोगरा झाला, केस पुंजक्यानं गळायला लागले. एकदा हजेरी घेताना मी स्वतःच्या मुलाचं नाव विसरले. गळ्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं, तर रिपोर्ट झकास. त्यांनी विचारलं, "दुसरं कुठलं औषध चालू आहे?" मी म्हटलं, "छे." आता रिपोर्टच चांगला म्हटल्यावर दुखणं कसलं? सासूबाईंनी निदान केलं, आळस. शाळेतसुद्धा कुजबुज सुरू झाली, नोकरी जायची वेळ आली. मी खरंच घाबरले.

शेवटी सासूबाईच मला करोडगिरीवर घेऊन गेल्या.

"माल उघडा."

पिशवी उलटी झाली, वह्या पडल्या, गळ्याची गोळी पडली आणि रुमालाची गाठ सुटून त्या ताकदीच्या गोळ्यांचा पत्ता बाहेर आला. सासूबाई वाकून म्हणाल्या, "बगा की बाई, एवढी ताकदीची गोळी खाऊन बी ही असली कशी?"

बाईंनी पत्ता उलटापालटा केला. माझ्याकडं बघितलं.

"ताकदीचीच हाय, अक्का," त्या शांतपणे म्हणाल्या. "पर ह्या दोन गोळ्यांचं एकमेकींशी पटतंय का न्हाय, ते मला कळत न्हाय. मास्तरीणबाई, उद्याच्या मोटारीनं जावा अन् दोन्ही एकदम डाक्टरम्होरं मांडा." मग सासूबाई बाहेर चपला शोधत असताना बाई हळूच मला म्हणाल्या, "माझा बाप म्हणायचा, झडती मालाची घ्यायची, माणसाची न्हाय."

गळ्याच्या डॉक्टरांनी दोन्ही गोळ्या बघून कपाळाला हात लावला. म्हणाले, या दुसऱ्या गोळीनं रक्तात थायरॉईडचं औषध धरून ठेवणारं द्रव्य वाढतं, मग अंगाला औषध पुरत नाही. धडधाकट ग्रंथी जास्त बनवून भागवते, तुम्हाला ग्रंथीच नाही, भागवणार कोण? रिपोर्टात ते धरलेलंही मोजलं जातं, म्हणून तो झकास. त्यांनी गळ्याची गोळी वाढवली, दीड-दोन महिन्यांनी परत बोलावलं आणि बजावलं, "ही दुसरी बंद कराल तेव्हाही सांगा, नाहीतर वाढवलेली जास्त होऊन छातीत धडधडेल." श्रावणापर्यंत मी शाल ट्रंकेत टाकली आणि पोरांची नावं बापाच्या नावासकट म्हणायला लागले.

पुढं बाईंची बदली येडशीकडं झाली. मोटारीत चढताना त्यांची पिशवी माझ्या हातात होती, चांगली जड. मी थट्टेनं म्हटलं, "बाई, माल उघडा." त्या हसल्या. "नाकेवाल्याची झडती कोन घेतंय?" म्हणाल्या आणि पिशवी ओढून घेतली.

चार वर्षांनी कळलं, बाई साखरेच्या दुखण्यानं गेल्या. दुखणं जळकोटात असल्यापासूनचं होतं आणि त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आता मी कुठल्याही डॉक्टरांकडं गेले की न विचारता पिशवी टेबलावर उलटी करते. ते दचकतात. दचकू देत. त्या दिवशी मोटार हलायच्या आधी मी एक पिशवी उलटी करायला हवी होती, ती राहिली.