पायाळू नूतनची कंबर

नूतन माझी शेजारीण. बोरी बुद्रुकच्या अलीकडे भाजी भरायचं पॅकहाऊस आहे, तिथं आम्ही दोघी एकाच पट्ट्यावर टोमॅटो निवडतो. नूतन पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. पायाळू माणसानं लाथ मारली की कमरेतली उसण जाते, असं आमच्याकडे सगळेच मानतात. त्यामुळे आळीतला जो तो कंबर धरून हिच्या दारात. आणि हिची स्वतःची कंबर मात्र वर्षभर ठणकतेय.

डॉक्टरनं फोटो काढला, हाडं चांगली निघाली. "झोप घ्या, कामाचं टेन्शन घेऊ नका," म्हणाला. ऐकून माझं डोकंच फिरलं. उद्या दिवसपाळी की आजच रातपाळी, हे आमचा सुपरवायझर अमृत ऐन संध्याकाळी फोनवर कळवतो. नूतनचा डोळा लागला तरी कान फोनकडेच.

पण डॉक्टर खोटं बोलला नव्हता, हेच वाईट. यात्रेला ती माहेरी घाटघरला गेली. पोटभर झोपली, डोक्यावर दोन-दोन हंडे वाहिले, कंबर कुरकुरली नाही. परतताना जीपमध्ये अमृतचा मेसेज वाजला आणि बसल्या जागी उसण भरली. क्रेट तर अजून उचललाही नव्हता!

मागच्या आठवड्यात अमृतचीच कंबर धरली. वाकला तो वाकलाच. एरवी "ए नूतन" म्हणणारा "ताई, पाय लावा वो" म्हणून विव्हळायला लागला.

"लावते भाऊ," नूतन म्हणाली. "पन मला दिवसपाळी द्या. लई दिस झालं, नीट झोप न्हाई."

"दिली, दिली! आदी लावा!"

तिनं पाय लावला. जरा जोरातच लावला, आणि मला फार बरं वाटलं. गडी सरळ झाला, चार पावलं चालला आणि ऑफिसात निघून गेला.

संध्याकाळी मेसेज आला, नूतनला रातपाळी. ती तशीच उठून त्याला विचारायला गेली, सोबत मीही गेले.

"अगं, रातीच्याच बायांच्या कमरा धरत्यात," तो म्हणाला. "काम अडतं. तू तिथंच पायजेस. आता कायम रातीलाच ये."

"आन माजी धरली तर?"

"तुजी?" अमृत हसला. "तू तर पायाळू. तुला काय व्हतंय!"